पाक माती

माझा धंदा बांगड्यांचा, त्यामुळे बाई मला आधी हातावरून कळते. करडीच्या बाजारात कुणी मनगट पुढं केलं की घरात खरंच सुख आहे की नुसताच थाट, ते मी बांगडी चढवता चढवता ओळखते. माझ्या मोबीनसाठी शगुफ्ताला बघायला गेले तेव्हाही मी तिचे हातच पाहिले. बांगडी सुळकन चढेल असे मऊ हात होते. बाहेर येऊन पोराला म्हटलं, मुलगी पक्की.

पुढं त्याच हातांत बांगडी जाईना.

नमाजेआधी आम्ही हात, तोंड, पाय धुतो, त्याला वजू म्हणतात. चहा उकळायच्या आत होणारं काम. शगुफ्ताला मात्र त्याला वेळ लागायला लागला. कोपरापर्यंत धुवायची आणि थबकायची. कोपर कोरडंच राहिलं, असं तिला वाटायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मला हाक यायची, "अम्मी, झालं का वो?" मी "झालं" म्हणायचे. ती नमाजेच्या चटईकडे निघायची आणि अर्ध्या वाटेतून नळावर परत. शेजारच्या शकुबाई कौतुकानं म्हणायच्या, "तुमची सून भलतीच धार्मिक आहे बापा." मला ते गोड लागायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या आजाराला ओवाळलं.

हात सुजले, भेगाळले. भेगांतून रक्त यायला लागलं. ती नळाशी बसलेली असायची आणि नमाजेची वेळ निघून जायची. धानाची कापणी चालू होती तेव्हा एक दिवस तिनं चटई घडी करून कपाटावर टाकली.

"काहून गं?" मी विचारलं.

"माही नमाज होतच नाही, अम्मी. अल्लानं मले दारातून हाकलून देल्लं." ती कांदा चिरत होती. आवाजात रडू नव्हतं, तक्रार नव्हती. जेवण तर तिचं कधीच कमी झालं होतं, आता बोलणंही आटलं. मला राग पटकन येतो, मी चिडले, वाट्टेल ते बोलले. तिनं मान वर केली नाही. मग मात्र मी घाबरले. जिला देवाचंच दार बंद झालं, ती आपल्या घरात किती दिवस राहील?

मोबीन आणि मी तिला भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हा आजार आहे, म्हणाले, गोळ्यांनी आणि सरावानं आटोक्यात येतो. हातांना मलम लावायचं आणि जखमा भरेपर्यंत पाणी बंद. मग माझ्याकडे वळले. "ती 'झालं का' विचारेल, तेव्हा उत्तर द्यायचं नाही."

"म्हणजे सुनेशी बोलू नको?"

"खूप बोला. हे एक उत्तर तेवढं नको. तुमच्या 'हो'वर ती घडीभर टिकते, मग तिला दुसरा 'हो' लागतो."

परतताना बसमध्ये शगुफ्ता म्हणाली, "पाणी बंद, म्हणजे नमाज बी बंदच." तिच्या आवाजात सुटका होती, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

मी मशिदीच्या हाफिजसाहेबांना गाठलं. म्हातारा माणूस, काठी टेकत आमच्या ओसरीवर येऊन बसला. "याले वसवसा म्हणतात," ते शगुफ्ताला म्हणाले. "मनातली कुजबूज. गोळ्या खा, बेटी, त्यात शरम नाही. आन् पाण्यानं इजा होऊन राहिली तर तयम्मुम कर. पाक, साफ मातीवर हात मार, तोंडावरून फिरव. पुन्हा मार, हातांवरून फिरव. झालं."

अति तिथं माती म्हणतात, ते मला फक्त टोमणा म्हणून ठाऊक होतं.

"ही सवलत कशी भेटली, ठाऊक आहे?" ते सांगू लागले. पैगंबरांच्या बीबी हजरत आयेशा, त्यांचा हार प्रवासात हरवला. तो शोधायला सगळा काफिला थांबला, आणि जवळपास वजूला पाणी नव्हतं. लोक कुरकुरले. तिथंच मातीचा हुकूम उतरला. मी ऐकतच राहिले. जन्मभर बायकांचे दागिने विकले, आणि एका बाईच्या हरवलेल्या हारापायी जगभरच्या आजाऱ्यांना ही वाट मिळाली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शगुफ्तानं खालमानेनं विचारलं, "माती कुठंवर लागली पाह्यजे?"

"लागून राह्यली नाही पाह्यजे. जास्तीची झटकून टाकायची. माती कोणाले धुवत नाही, बेटी. तरी अल्ला तिले पाक म्हणते."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि घरामागच्या धानाच्या बांधीकडे चालू लागली. धान कापून झालं होतं, जमीन वाळली होती. दुपार कलली होती, असरच्या नमाजेची वेळ झालेली. मी मागोमाग गेले आणि शेताच्या धुऱ्यावर बसले.

तिनं दोन्ही तळवे जमिनीवर मारले, झटकले, चेहऱ्यावरून फिरवले. पुन्हा मारले. भेगाळलेला हात दुसऱ्या हातावरून कोपरापर्यंत गेला आणि तिथं थबकला. ती तशीच उभी राहिली. माझ्या तोंडात 'झालं' येऊन बसलं होतं, ते मी दातांखाली धरून ठेवलं.

हात खाली आला. तिनं उघड्या जमिनीवरच नमाज सुरू केली. सजद्यात कपाळ मातीला टेकलं, तेव्हा मला वाटलं, आख्खी बांधी श्वास रोखून आहे. इतकी वर्षं नमाज पढते मी, पण दुसऱ्याची नमाज अशी डोळे भरून बघितली, ती त्या दिवशी.

सलाम फिरवून तिनं नमाज संपवली आणि माझ्याकडे वळली. ओठ हलले. तो प्रश्न मला पाठ होता. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

मग तिनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. भेगाभेगांत माती भरली होती.

"हात तं मळलेलेच आहेत, अम्मी," ती म्हणाली. "तरी अल्लानं मले उभं राहू देल्लं."

आणि तेच हात तिनं दुआसाठी उचलले. मीही उचलले. माझा स्वतःचा वजू होता की नव्हता, काही केल्या आठवेना.