मुंडीचा मान

कुडपणच्या रावजीने माळ घातली त्या दिवशी गावात त्याचं कौतुक झालं, आणि घरी ठमाबाईचं मटण सुटलं. दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या, पण गावाने बोलायला पहिलीच घेतली.

रावजी म्हणजे ठमाबाईचा नवरा. तो पोलादपूरला उतरला होता तो मीठ आणि चहाची पूड आणायला. तिथे देवळात सप्ताह चालू होता. पाय दुखत होते म्हणून तो कीर्तनात टेकला. बुवा महाबळेश्वरच्या एसटीने घाट उतरून आलेले, आवाज खणखणीत. त्यांनी सांगितलं, जो या जन्मी बकरं खातो त्याला पुढच्या जन्मी तेच बकरं खातं. दुसऱ्या कुणी हे ऐकून तंबाखू मळला असता. पण रावजी पडला गावदेवीचा मानकरी. चैत्रातल्या जत्रेत देवीपुढे बकरं पडलं की त्याची मुंडी रावजीच्या घरी यायची. आज्यापासूनचा मान होता तो. बाकीच्यांनी खाल्ली असेल एखादी तंगडी, एखादी फासळी. बकऱ्याला तरी काय कळणार कुणी कुठली खाल्ली ते? रावजीची गोष्ट वेगळी. त्याने दर वर्षी तोंडच खाल्लं होतं. म्हणजे प्रत्येक बकऱ्याने त्याला समोरासमोर बघून ठेवलेलं. पुढच्या जन्मी ती सगळी त्याला चेहऱ्याने ओळखणार, यात शंका नव्हती.

कीर्तन संपलं तेव्हा माळ घालून घ्यायच्या रांगेत तो सगळ्यांच्या पुढे होता. मीठ घेतलं, चहाची पूड विसरला, आणि गळ्यात तुळशीची माळ घालून वर कुडपणला आला.

"आजपासनं आपल्या घरात मास-मच्छी बंद," त्याने उंबऱ्यातच सांगितलं.

"आपल्या?" ठमाबाईने विचारलं.

"आपल्या."

ठमाबाई दासगावची, खाडीकाठची. तिच्या माहेरी भरती-ओहोटी बघून चुलीवर काय चढायचं ते ठरायचं. कोळंबी, बोईट, कालवं. लग्न होऊन ती या डोंगरावर आली, जिथे मासा पोचायचा तो वाळून, कोळंबी आली तर सोलून सुकवलेले सोडे होऊन, महाडच्या बाजारातून कुणाच्या तरी डोक्यावर बसून. ताज्यावरून सुक्यावर ती आली लग्नामुळे, आणि सुक्यावरून वालावर आली बुवांमुळे. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं.

रावजीने घरातली भांडी राखेने घासून घेतली, म्हणजे ठमाबाईने घासली. मटणाचं मडकं आणि सुकट भाजायचा तवा मात्र घासून शुद्ध होण्यातले नव्हते. ते शेजारी गोदूबाईला देऊन टाकले. मग सुरू झाले वाल. वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, पुन्हा वाल. पावसात टाकळा आणि कुर्डूची भाजी, उन्हाळ्यात फणस, आणि मधे कुठे खंड पडला तर वाल. रावजीची छातीतली जळजळ गेली. तोंडावर तेज आलं असं लोक म्हणू लागले, तेव्हा तो ओटीवर बसून आल्यागेल्याला सांगू लागला, "आमचं अख्खं घर माळकरी." ठमाबाईच्या गळ्यात माळ नव्हती. पण तिच्या गळ्याकडे बघून खात्री करावी असं कुणाला वाटलं नाही.

तिने चोरून कधी खाल्लं नाही. मनात आलं नाही असं नव्हे. पण चोरून खाल्लेला घास जिभेवर टिकत नाही, धावत घशाखाली जातो, आणि मग पाप तेवढं उरतं. तिने एवढंच केलं की गोदूबाईच्या घरातून सुकट भाजल्याचा वास आला की ती विस्तव मागायला जायची.

"तुझी चूल तर पेटलेली हाय गो," गोदूबाई म्हणायची. "धूर दिसतो हितनं."

"असूं दे. तुझा विस्तव बरा."

ती तिथे बसून राहायची. गोदूबाई मनाची मोठी होती, म्हणायची, "घे गो एक घास. कोन बगतंय?"

"नको. वास पुरे. वासाला काय माळ नाय."

या गोदूबाईचा नवरा महिपती, रावजीचा चुलतभाऊ. दोघांत वैर नव्हतं. भाऊबंदकी होती, आणि ती वैरापेक्षा जास्त टिकते.

चैत्र आला आणि जत्रेचं ठरवायला गावकी देवळात बसली, तेव्हा कुठे रावजीच्या लक्षात आलं की आपण बकऱ्यांचा विचार केला, मानाचा केलाच नाही. लक्षात आणून दिलं महिपतीने. त्याने ते वर्षभर पोटात ठेवलं होतं.

"रिवाज हाय," महिपती म्हणाला. "मुंडी मानकऱ्याच्या चुलीवर शिजाया पायजे आन् त्याच्या घरच्या मानसानं गावासमोर खाया पायजे. नाय तर मान फुडल्या घरात." पुढचं घर कुणाचं ते त्याला सांगावं लागलं नाही.

रावजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला मुलगा नव्हता. मुली होत्या त्या लग्न होऊन गेलेल्या. शेवटी तो म्हणाला, "औंदा आपन कोव्हळा कापू."

गावकीत सगळ्यांत वडील सयाजी. तो कुणाची थट्टा करायचा नाही. प्रत्येक गोष्टीचा नीट विचार करायचा, त्यामुळे समोरच्याला जास्त त्रास व्हायचा. त्याने कोहळ्याचाही विचार केला.

"कोव्हळ्याला मुंडी कुटं असती रं?"

"देठ असतो."

"मंग देठ कोन खानार?"

देठ खायला कुणी पुढे आलं नाही. मग एकाने सुचवलं, एक दिवस माळ खुंटीला लाव, जत्रा झाली की पुन्हा घाल. रावजीला डोळ्यांपुढे सगळी बकरी ओळीने उभी दिसली. तो नाय म्हणाला. महिपती मान खाली घालून बसला होता. त्याला हसू लपवायचं होतं.

बायका देवळाबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत बोललेलं त्यांना सगळं ऐकू यायचं. त्यांनी बोललेलं आत ऐकायची पद्धत नव्हती. ठमाबाई ऐकत होती. दर वर्षी मुंडी घरी आली की ती भाजायची तिने, खरवडायची तिने, फोडायची तिने, वाटण तिचं. खायचे पुरुष. तिच्या वाट्याला मडक्याला लागलेला रस्सा. मान जाऊ नये असं तिला वाटत होतं, खोटं नाही. पण खरं सांगायचं तर तिला भूक लागली होती. वर्षभराची भूक होती ती, आणि एवढे सगळे शहाणे आत बसून देठाचा विचार करत होते.

"मी खाईन," ती म्हणाली.

आत सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. बाईने मुंडी खाऊ नये असा रिवाज नव्हता. कुणा बाईने कधी मागितलीच नव्हती, त्यामुळे तसा रिवाज करायची वेळ आली नव्हती.

महिपती आधी सावरला. "तिला कशी चालंल? अख्खं घर माळकरी हाय. रावजीच सांगत असतो."

सयाजीने रावजीकडे तोंड वळवलं. "रावजी, तुझ्या बायकूनं माळ घातली हाय का?"

"नाय."

"मंग तिनं मास का सोडलं?"

"मी सोडलं म्हनून."

"तू तिला इचारलंस?"

सयाजीने हे दरडावून विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच माहिती हवी होती. वर्षभर रावजी ओटीवर बसून जे अभिमानाने सांगत आला होता, ते आता त्यालाच कसं तरी ऐकू आलं.

"नाय," तो म्हणाला.

"पन चूल मानकऱ्याची पायजे," महिपतीने शेवटचा हात मारून पाहिला.

"चूल कवा बाप्याची असती का रं?" सयाजी म्हणाला. "तू कदी फुंकलीस?"

बाहेर बायका हसल्या, आणि त्यांत गोदूबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिथे ते ठरलं.

रावजीच्या वालांच्या चुलीवर मुंडी चढणं शक्य नव्हतं, म्हणून पडवीत दुसरी चूल घालायची झाली. तिला लागणारी माती रावजीने स्वतः खणून आणली. मडक्यासाठी ठमाबाई शेजारी गेली.

"आमच्यांचा मान बुडवाया आमचंच मडकं?" गोदूबाईने विचारलं.

"माझंच हाय ते."

"हाय खरं," गोदूबाई म्हणाली, आणि मडक्याबरोबर सुक्या खोबऱ्याची एक वाटीही दिली.

जत्रेच्या दिवशी बकरं पडलं, आणि मुंडी ताटात घेऊन गुरव दत्ताराम पायरीवर उभा राहिला. जो खाणार त्याच्या नावाने हाक मारायची असते. त्याने हाक दिली, "ठमाबाई!" ठमाबाई उठली नाही. गावात तिला रावजीची बायको म्हणत, काकी म्हणत, वहिनी म्हणत. आईबाप गेल्यापासून ते नाव तिने असं मोठ्याने ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावतायत. गोदूबाईने कोपराने ढोसलं, तेव्हा ती उठली.

मुंडी शिजली. ओटीवर गावकी बसली, महिपती सगळ्यांच्या पुढे. रावजी मागच्या अंगणात फणसाखाली घराकडे पाठ करून बसला होता. ठमाबाईने पाटावर बसून पहिला घास घेतला आणि तिला रडू आलं. लोकांना वाटलं तिखट झालंय. तिखट बरोबर होतं. घास तोंडात असतानाच तिला कळलं, आपल्याला किती राग आला होता ते. वालांवर नव्हे, बुवांवर नव्हे, माळेच्या देवावरही नव्हे. फणसाखाली बसला होता त्याच्यावर.

मग मात्र तिने घाई केली नाही. जीभ खाल्ली, गालफडं खाल्ली, हाडं चोखली. ताटात काही उरतंय का हे बघायला महिपती पुढे वाकला होता. ताट तिने भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतलं.

"मान ऱ्हायला," सयाजी म्हणाला, आणि गावकी उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी कुदळ घेऊन पडवीत आला. ठमाबाई सारवत होती.

"काय करता?"

"चूल काढतो. जत्रा झाली."

"ऱ्हाऊ दे ती."

"आता कशाला?"

"मला लागंल," ठमाबाई म्हणाली. "तुमी माळ घातलीत, मी काय बोलले नाय. तुमचे वाल मी जल्मभर शिजवीन. पन माझं तोंड माझं हाय."

रावजी कुदळ धरून उभा राहिला. कुदळ जागेवर ठेवून शेतावर गेला, आणि पुढे कित्येक दिवस त्याने चुलीचा विषय काढला नाही. ओटीवर कुणी आलं तरी घराबद्दल काही सांगेना.

मग एका बाजाराच्या दिवशी, मीठ आणतो म्हणून तो खाली उतरला. मीठ पोलादपूरला मिळतं. तो गेला महाडला. संध्याकाळी गावातल्या लोकांनी त्याला वर येताना पाहिलं. खांद्यावर लांब काठी, काठीच्या मागच्या टोकाला एक पुडकं लटकवलेलं, आणि ते पाठीला लागू नये म्हणून रावजी पुढे वाकून चालत होता. वास त्याच्या आधी गावात पोचला होता.

"रावजी, माळ बाटंल की!" महिपतीने ओटीवरून विचारलं.

"काठी बाटंल," रावजी न थांबता म्हणाला. "काठी टाकून देईन."

पडवीत येऊन त्याने काठी कलती केली आणि पुडकं नव्या चुलीपाशी उतरवलं. हात लावला नाही.

"सुकट हाय," तो म्हणाला. "बोंबील बी हायत."

"दोनी?"

रावजी जमिनीकडे बघत होता. "तुला काय आवडतं ते मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. "दुकानात हुबा ऱ्हायलो, आठवून बगितलं. इतकी वरसं झाली गो, पन ठावंच नव्हतं. म्हनून दोनी आनले."

ठमाबाईला पुन्हा राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण काठी पेलून त्याचा खांदा लाल झालेला तिला दिसला, आणि असा वाकून चालत तो सगळ्या गावादेखत आला हेही तिला दिसलं. कित्येक वर्षांत तिला या माणसाची एवढी माया वाटली नव्हती.

"सोडे," ती म्हणाली. "मला सोडे आवडतात."

रावजीने मान डोलावली आणि पंचा घेऊन विहिरीकडे निघाला. अंघोळीला जाताना तो तोंडाने नेहमी देवाचं नाव घ्यायचा. आज तो 'सोडे, सोडे' म्हणत गेला, विसरू नये म्हणून.