मिटलेलं पोवळं

रविवारी सकाळी फोन वाजला की गुरुपादप्पा पूजा सोडली तर कुठूनही उठायचा. पलीकडून महादेवी विचारायची, "अप्पा, उघडलं का?" तो म्हणायचा, "उघडलं की." मग मासे खातात का, दिवा किती वेळ लावता, मिठाचा काटा कुठं आहे, एवढं विचारून ती फोन ठेवायची. लग्नानंतर बापलेकीचं बोलणं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच. आणि आता उन्हाळा लागल्यापासून गुरुपादप्पाचं ते "उघडलं की" धडधडीत खोटं होतं. खोट्याची सवय नसलेला माणूस; त्यामुळं आवाज नको तेवढा मोठा काढायचा.

उघडायचं काय, तर पोवळं. अंगठीत बसवतात ते लाल नव्हे, जिवंत. महादेवी उदगीरला मत्स्यशास्त्र शिकत होती तेव्हा तिनं चेन्नईच्या दुकानातून मागवून लातूरच्या घरात काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्याचा छोटासा समुद्र मांडला. नारंगी पट्ट्यांचे दोन मासे, काचेला चिकटून फिरणाऱ्या गोगलगायी आणि मधोमध हे पोवळं. दिसायला भल्यामोठ्या आळंबीसारखं. दिवा लागला की त्याच्या टोपीवर असंख्य बारीक बोटं फुलायची आणि पाण्यात डुलायची. गुरुपादप्पाची बायको रत्नम्मा त्याला आळंबीच म्हणायची, आणि तेही नाक मुरडून.

मग महादेवीनं संघपालशी लग्न केलं. मुदखेडचा रेल्वेवाल्याचा मुलगा, बौद्ध घरातला, तिच्याच वर्गातला, आता दोघंही नांदेडला नोकरीला. पोरगा गुणी आहे हे गुरुपादप्पाला आतून पटलं होतं, पण तोंडातून निघालं नाही. रत्नम्माचं मात्र तोंडातून निघालं. अंगणात उभी राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात ती म्हणाली, "माझी मुलगी गेली. त्या घरचं पाणीसुद्धा घशाखाली उतरवणार न्हाई मी." त्यानंतर तिनं लेकीचं नावही घेतलं नाही. महादेवी गेली, आणि जाताना पेटी कशी सांभाळायची ते बापाला समजावून गेली. म्हणून तर गुरुपादप्पाला ते पोवळं जिवापाड जपायचं होतं. ते मेलं तर रविवारी लेकीनं काय विचारायचं आणि त्यानं काय सांगायचं?

त्यात त्या वर्षीचा दुष्काळ. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं, नळ कोरडे, टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नाही. गुरुपादप्पाचं गंजगोलाईच्या बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक नव्हतं, पण बसायला माणसं यायची. उदगीरचा नवा जिल्हा होणार का नाही यावर तावातावानं भांडायची आणि घसा सुकला की त्याच्याच माठाकडं बघायची. शेजारचा शंकरप्पा तर तोंडावर म्हणाला होता, माणसाला प्यायला न्हाई अन् यांचे मासे पोहून राहिले. गुरुपादप्पा ओशाळून हसला.

शुद्ध पाण्याचे जार मिळेनासे झाले तेव्हा त्यानं पेटीत पाणी घालणं जवळजवळ बंदच केलं. जेवताना एकदा तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला होता, की पेटीतलं पाणी उडतं पण मीठ तिथंच राहतं, पाणी खाली गेलं की खारटपणा वाढतो अन् मग ते पोवळं काही जगत न्हाई. रत्नम्मानं ताकाचं भांडं पुढं सरकवलं आणि दुसराच विषय काढला. बाईला काळीज म्हणून नाही, असं त्या दिवशी त्याला वाटलं.

आणि पोवळं मिटलं. बोटं आत ओढून टोपी गुळगुळीत झाली. आधी त्यानं मनाची समजूत घातली की कात टाकत असेल. महादेवीनं सांगितलं होतं, मधूनमधून ते कात टाकतं आणि पुन्हा ताजंतवानं होतं. पण आठवडे गेले, कात काही पडली नाही. उलट टोपीच्या कडा काळपट होऊन झडायला लागल्या. मग त्याला वाटलं उन्हानं पाणी तापलं, म्हणून बर्फाची बाटली सोडून बघितली. दिवा बदलून बघितला. खारटपणा मोजायचा तो मिठाचा काटा बघितला तर अगदी हवा तिथं. खरं तर तिथंच त्यानं थांबायला हवं होतं. आपण पाणी घालत नाही, उन्हाळा असा रणरणता, आणि काटा जागेवर कसा? पण घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

त्याला दुसरंच दिसायला लागलं. रत्नम्मा! लेकीची शेवटची खूण घरातून घालवायची म्हणून हिनंच काही पाण्यात टाकलं नसेल? फिनेल, साबण, काहीही. तो बोट बुडवून वास घ्यायला लागला. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोवर कधी पाळत ठेवली नव्हती, ती आता ठेवायची पाळी आली. एका दुपारी दुकान अर्ध्यावर बंद करून तो मागच्या दारानं चोरासारखा घरात शिरला.

रत्नम्मा स्वयंपाकघरात होती. कोपऱ्यात तिचा तांब्याचा हंडा, संसार मांडताना गुरुपादप्पानंच दुकानातून निवडून आणलेला. टँकर आला की सगळ्यात आधी हा हंडा भरायचा, गाळून, वर फडकं बांधून. हे घरातलं प्यायचं पाणी. रोज चिंच लावून घासल्यानं हंडा लखलखायचा. तिनं त्यातून तांब्या भरून घेतला, पेटीपाशी आली, झाकण उचललं आणि एकदम न ओतता, लेकराला पाजतात तशी बारीक धार धरली.

"पी बाई," ती म्हणत होती. "पी. तुला तरी न्हाई म्हणू का मी?"

गुरुपादप्पा दारामागं थिजला. मग त्याला एकेक आठवायला लागलं. हल्ली रत्नम्माचे ओठ फुटलेले असायचे. विचारलं की ऊन लई हाय म्हणायची. जेवताना तिच्या ताटाजवळ पेला नसायचा, मागून पिते म्हणायची. बाई आपल्या वाटणीचं पाणी लेकीच्या पोवळ्याला पाजत होती, आणि आपण तिच्यावर विषाचा संशय घेतला! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो आला तसाच मागच्या दारानं परत गेला. दुकानात बसून त्यानं डोळे पुसले.

त्या रविवारी त्याला खोटं बोलवेना. कानाला कमी ऐकू येतं म्हणून तो फोनचा आवाज मोठा करून पेटीजवळ ठेवायचा. महादेवीनं विचारलं आणि तो म्हणाला, "न्हाई उघडलं पोरी. लई दिवस झाले. मी खोटं बोलून राहिलो तुला."

महादेवी रागावली नाही, रडली नाही, डॉक्टरीणबाईसारखी एकेक विचारत गेली. मीठ? बरोबर. पाणी गरम? नाही. दिवा? नवा. मासे? मासे धडधाकट, खायला धावतात. "अन् गोगलगायी?"

गुरुपादप्पानं काच नीट बघितली. काचेवर एकही नव्हती. खाली वाळूत शिंपले पडले होते, रिकामे. इतके दिवस त्याचं लक्ष फक्त पोवळ्याकडं. त्यानं तसं सांगितलं.

"अप्पा, मासे ठणठणीत, अन् गोगलगायी मेल्या, पोवळं झडून राहिलं. पाण्यात तांबं गेलंय. माशांना थोडं चालतं, पण ह्यांना थेंबभरही मारतं."

त्यानं आधी आपले हात बघितले. जन्मभर तांबं हाताळून काळवंडलेले हात. माझ्याच हातानं गेलं असेल, धुतले नसतील कधी, असं तो पुटपुटला. महादेवी म्हणाली, हातानं इतकं जाणार न्हाई, रोज कुठून तरी जात असलं पाहिजे, पाणी कशातून घालता? आणि मग त्याची नजर आपोआप स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडं गेली. गिऱ्हाइकाला आजवर तो हेच सांगत आला होता, तांब्यातलं पाणी म्हणजे अमृत. हे सांगायचं कसं? सांगायचं तरी कशाला? ऊन लागलं म्हणावं, संपवावं.

पण दारात रत्नम्मा उभी होती. हातात तोच तांब्या. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मीच मारलं का त्याला?" ती म्हणाली.

फोनमध्ये श्वास अडकल्याचा आवाज आला. आईचा आवाज महादेवी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होती. गुरुपादप्पानं घाईघाईनं सांगून टाकलं, की अव्वा तिच्या वाटणीचं पाणी रोज पेटीत घालत होती गं, हंड्यातलं, स्वतः तहानेली राहून. रत्नम्मा तिथंच उंबऱ्यावर बसली आणि तांब्या असा लांब ठेवला, जसा काही तो भाजत होता.

"अव्वा," महादेवी म्हणाली. तिचा आवाज आता डॉक्टरीणबाईचा राहिला नव्हता. "मेलं न्हाई ते अजून. तू पाणी घातलं म्हणून मीठ वाढलं न्हाई, न्हाईतर कधीच गेलं असतं. त्याला फक्त दुसरं पाणी पाहिजे. चांगलं, भरपूर."

"कुठलं आणू?" रत्नम्मा म्हणाली. "हितं घोट मिळंना."

"मी घेऊन येते."

दुपार कलायच्या आत दारात गाडी उभी राहिली. मागं कॅनच कॅन. संघपालनं एकेक कॅन खांद्यावर घेऊन पायरीपर्यंत आणला आणि तिथं थांबला. आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. गल्लीतली खिडकी न् खिडकी उघडी होती, शंकरप्पाची तर सगळ्यात आधी. रत्नम्मा आत गेली, हंड्यातून तांब्या भरून आणला. खाली ठेवला नाही. त्याच्या हातात दिला. तो गटागटा प्यायला. "कॅन आत घ्या की," ती म्हणाली. "उन्हात कशाला उभे?"

मग तासभर सगळे राबले. महादेवीनं प्लास्टिकच्या टबात मीठ कालवलं, काटा बघितला, पोवळ्याच्या कुजलेल्या कडा पात्यानं कापून टाकल्या आणि उरलेला खऱ्याखुऱ्या आळंबीएवढाच तुकडा नव्या पाण्यात ठेवला. जगेल का, असं गुरुपादप्पानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, आत्ता सांगता येणार न्हाई, बघायला लागेल. तो मान हलवत राहिला. मायलेकी टबाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, अजून एकमेकींकडं सरळ बघत नव्हत्या.

एक कॅन उरला होता. रत्नम्मानं विचारलं, हे कुठलं पाणी.

"मुदखेडचं," संघपाल अवघडून म्हणाला. "आमच्या घरच्या बोअरला अजून हाय. मशीनमधून शुद्ध करून काढलेलं."

अंगणातलं ते वाक्य त्या खोलीत सगळ्यांनाच पाठ होतं. रत्नम्मा उठली, फळीवरून स्टीलचा पेला काढला, कॅनचं झाकण फिरवलं आणि पेला काठोकाठ भरला. फुटलेल्या ओठांना लावून ती एका दमात प्यायली, थेंब न ठेवता. मग पदरानं तोंड पुसून नवऱ्याकडं वळली.

"गोड हाय," ती म्हणाली. "तुमच्या हंड्यापेक्षा गोड."

महादेवी हातातलं पातं तसंच धरून रडायला लागली. गुरुपादप्पानं बायकोच्या हातातला रिकामा पेला घेतला आणि पुन्हा भरून दिला.