गाणं धरणारी

आमच्या किगेझीच्या डोंगरात शुक्रवारच्या प्रार्थनेच्या बैठकीला गाणं धरायचा मान माझा. मान कसला, सत्ताच म्हणा. बैठकीत कुणीतरी उभं राहायचं, आपलं पाप सगळ्यांपुढं उजेडात आणायचं, आणि ते पटलं की मी गाणं धरायचं. मग चाळीस माणसं टाळ्या वाजवत उठणार, कबुली देणाऱ्याला मिठ्या मारणार. मी गप्प राहिले की सगळे गप्प. तो माणूस तसाच उभा, पायांकडं बघत. कितीकांना मी असं उभं ठेवलंय, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आमच्या बैठकीतली केद्रेस, तिची पोरगी नातुकुंदा सात वर्षांची. दोन महिने तिचं पोट फुगत चाललेलं, अंगात ताप, हातपाय काडीसारखे. चार माणसांनी वेताच्या डोलीतून डोंगर उतरवून तिला दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी तिथून परत पाठवलं. घरी न्या, म्हणाले. मग उरली प्रार्थना. तीन आठवडे आम्ही केद्रेसच्या घरी गुडघे टेकले. पोरीला घोटभर आंबीलसुद्धा उतरेना.

चौथ्या शुक्रवारी झकारियाभाऊ, आमच्या बैठकीचे म्होरके, म्हणाले, “केद्रेस बहिणी, देव काही बहिरा नाही. वाट तुझ्याकडंच कुठंतरी तुंबलीय. पोटात काय आहे ते बाहेर काढ.”

ती उभी राहिली. “जावेच्या शेतातले वाटाणे तोडले होते. दोनदा.”

मी गाणं धरलं नाही.

“सासूला मनातल्या मनात शिव्या दिल्यात.”

“त्या तर आम्ही तोंडावर देतो!” मागून एक बाई बोलली आणि बाया खुसखुसल्या. मी हसले नाही, गायलेही नाही.

“अजून आत आहे,” झकारियाभाऊ म्हणाले. “पोरगी कुणाच्या पापानं झिजतेय, घरी जाऊन विचार कर.”

असं आईला म्हणतात का कुणी? पण ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.

पुढच्या शुक्रवारी ती आली ती न्हाऊन, धुतलेला झगा घालून. नवरा तिबेंदे पुरुषांच्या बाकावर बसलेला. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “आठ वर्षांमागं, ज्वारीच्या काढणीत, मी दोन रात्री घराबाहेर होते. तळ्याकाठच्या मीठवाल्यापाशी होते.”

त्या दोन रात्री ती माझ्या घरी होती! माझा नवरा तेव्हा खाणीवर, घरात आम्ही दोघीच, आणि बाळ आडवं. केद्रेसनंच माझी निन्सिमा ओढून बाहेर काढली, आणि डोळ्याला डोळा न लावता माझ्या उशाशी बसून राहिली. पोरीचा दवाखाना सोडला तर लग्नानंतर तेवढ्याच दोन रात्री ती घराबाहेर राहिलेली. पाप रचायला बिचारीकडं दुसऱ्या रात्रीच नव्हत्या.

तिनं माझ्याकडं बघितलं. चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. एवढं मोठं पाप आमच्या बैठकीत आजवर निघालं नव्हतं. मी गाणं धरलं. इतका चांगला आवाज माझा आधी कधी लागला नव्हता, मेला.

त्या संध्याकाळी पोरीचा ताप उतरला. वाटीभर आंबील प्याली. डोंगरभर एकच बोलणं, ऐकलं, देवानं ऐकलं! मी म्हटलं, आता खरं सांगून पोरीच्या जिवावर कशाला उठा. रविवारी दुपारी नातुकुंदा गेली.

थोड्या वेळानं तिबेंदे माझ्या दारात. बस म्हटलं तर बसला नाही. “एसेझा, एकच सांग. त्या दोन रात्री केद्रेस तुझ्या बाळंतपणाला आली होती ना? मला तर तसंच सांगून गेलेली.”

त्याला ‘हो’ ऐकायचं होतं हो! चेहऱ्यावर दिसत होतं. पण ‘हो’ म्हटलं की येत्या शुक्रवारी मला उभं राहावं लागलं असतं. ठाऊक असून खोट्यावर गाणं धरलं, असं सगळ्यांपुढं म्हणावं लागलं असतं. आणि मग सगळे गप्प बसले असते.

“आठ वर्षं झाली,” मी म्हटलं. “मला नाही बाई आठवत.”

निन्सिमा आत चुलीपाशी रताळी सोलत होती. तिच्याकडं एकदा बघून तो निघून गेला.

नातुकुंदा त्या काढणीनंतर वर्षाच्या आत झालेली. तिबेंदेनं बोटांवर महिने मोजले. मीठवाल्याची पोर माझ्या बापाच्या जमिनीत पुरू देणार नाही, म्हणाला. मग तीच डोली आणि तीच चार माणसं; पलीकडच्या डोंगरावर केद्रेसच्या भावाच्या केळीत पोरीला पुरलं. त्याच वाटेनं केद्रेसलाही हाकललं. खड्ड्यापाशी गाणं मीच धरलं.

मला वाटलं, सुटले, आता ती यायची नाही. पण पुढच्या शुक्रवारी मी बैठकीची जागा झाडायला लवकर गेले, तर केद्रेस शेवटच्या बाकापाशी गुडघ्यांवर. दोन तासांचा डोंगर चढून आलेली. तेव्हापासून दर शुक्रवारी येते. बाया तिच्या बाकावर बसत नाहीत. ती आपली डोळे मिटून ओठ हलवत असते.

एकदा मला राहवलं नाही. हातात झाडू तसाच. म्हटलं, “कशाला करतेस गं अजून? पोरगी गेली, घर गेलं. ऐकलं का देवानं काही?”

“नाही ऐकलं,” ती म्हणाली.

“मग?”

तिनं डोळे उघडले. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

“त्या दोन रात्री मी कुठं होते, हे दोघांनाच ठाऊक आहे, एसेझा. एक तू आणि एक तो. मग काय, तुझ्यापुढं गुडघे टेकू?”

तिनं परत डोळे मिटले. हळूहळू माणसं जमली. झकारियाभाऊंनी नेहमीसारखं विचारलं, “कुणाला आज काही उजेडात आणायचंय का?”

मी उभी राहिले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. केद्रेसनं डोळे उघडले नाहीत.

मी घसा खाकरला आणि गाणं धरलं.