बाईंनी सरळ केलेलं बोट

चित्रावर नुसता हात फिरवला, तर मुलाचं चित्र मुलाचंच राहतं आणि दिसतं मात्र बरं, अशी दर्शनाबाईंची बावीस वर्षांची पक्की समजूत होती. रत्नागिरीत चित्रकला शिकवणाऱ्या पुष्कळांची असते. कुणी कबूल करत नाही, एवढंच. स्पर्धेची चित्रं पाठवायच्या आदल्या दिवशी दार लोटून घ्यायचं, इथली सावली गडद करायची, तिथलं नाक नीट करायचं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच तोंडाने वर्गात सांगायचं, "मुलांनो, जे दिसतं तेच काढा. मनातलं घुसडू नका."

सातवीतल्या सानिकाने ते खरं मानलं, तिथेच पंचाईत झाली.

सानिकाची आई गंगा बंदरावर मासे विकायला बसते. पोरीने तिचंच चित्र काढलं. पुढ्यात बांगड्यांची पाटी, डोक्यावर निळ्या प्लॅस्टिकचं छप्पर, गिऱ्हाइकाकडे वर बघणारा चेहरा, आणि पाटीच्या काठावर टेकलेला डावा हात. त्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापासून आत वाकलेलं. बाईंना वाटलं, बोटं जमली नाहीत पोरीला. बोटं भल्याभल्यांना जमत नाहीत. रंग झकास, चेहरा झकास, आणि एवढ्याशा बोटापायी नंबर जाणार? त्यांनी नेहमीप्रमाणे मोबाइलवर 'आधीचा' फोटो घेतला, पांढऱ्या रंगाने ते बोट झाकलं आणि वर दुसरं काढलं. सरळ, निमुळतं, देखणं. मग 'नंतरचा' फोटो घेतला. असे जोडफोटो त्यांनी बरेच जमवले होते. कुणाला दाखवत नसत, पण अधूनमधून एकट्या बघून खूश होत.

सानिका जिल्ह्यात पहिली आली.

शाळेत सत्कार झाला. चित्र काचेच्या फ्रेममध्ये घालून टेबलावर ठेवलं होतं. गंगा पाटी जावेवर सोपवून, ठेवणीतली साडी नेसून आली. चित्रातला आपला चेहरा बघून ती लाजली, मग जरा वाकली आणि तशीच थांबली.

"ह्यो हात माजा नाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "शिंगाळा मासा कापताना काटा घुसला, तवापासनं ह्या बोटाची ही गत. धा वर्सं झाली." आणि तिने वाकडं बोट पुढे धरलं.

दर्शनाबाई दोन पावलांवर उभ्या होत्या. तोंड उघडणार, तेवढ्यात सानिकाने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "मीच सरळ काढलं, आये. बरं दिसतं म्हणून."

गंगाने हात पदराखाली घेतला. "बरं केलंस," ती म्हणाली.

बाई गप्प राहिल्या. मुख्याध्यापकांचं भाषण सुरू झालं होतं, पाहुणे बसले होते, आता बोलून पोरीचाच रसभंग होईल. गप्प राहायला हवी तेवढी कारणं त्यांना सापडली. घरी मात्र एकही कारण कामाला आलं नाही. जेवायला बसल्या की तो पदराखाली गेलेला हात दिसे. आपण पोरीला आईशी खोटं बोलायला लावलं, तेही आपली लाज राखायला, आणि बारा वर्षांच्या मुलीने ती राखली.

पंधरा दिवसांनी वर्गात 'आठवड्याचा बाजार' हा विषय दिला. सानिकाचा कागद टेबलावर आला. नऊ माणसं होती आणि एकालाही हात नव्हता. बाह्या होत्या, पुढे कोरा कागद.

"हात कुठे गं?"

"ते तुमी काढा, बाई. माजे चुकतात."

तिच्या बोलण्यात रुसवाही नव्हता, टोमणाही नव्हता. टोमणा असता तर बाईंनी तो आनंदाने सोसला असता.

त्या संध्याकाळी त्या बंदरावर गेल्या. गंगा उरलेल्या मासळीवर बर्फ घालत होती. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रडू येत होतं, पण इथे रडणं म्हणजे पुन्हा समोरच्याच बाईला समजूत घालायला लावणं, म्हणून आवरलं.

गंगाने हातातला बर्फ मासळीवर पसरला. मग म्हणाली, "मना वाटलं, पोरीला माजी लाज वाटते. तवापासनं भाकरी वाडताना सुदा ह्यो हात मागं ठेवते मी." तिने हात फडक्याला पुसला. "माज्याजवळ काय सांगताय? तिला सांगा. आनि चार पोरांसमोर सांगा. कवतिक पन चार पोरांसमोरच झालं ना? बक्षीस गेलं तर जाऊं दे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गातल्या टीव्हीवर दोन्ही फोटो लावले. विनीतची आई बंदरावर गंगाच्या शेजारीच बसते, तो मागच्या बाकावरून ओरडला, "ह्यो गंगाकाकीचा हात! आनि त्यो दुसरा कुनाचा, बाई?"

"कुणाचाच नाही," बाई म्हणाल्या. "तो मी काढला. सानिकाचं काही चुकलं नव्हतं. तिने बघून काढलं होतं, मी न बघता खोडलं. तिने आईपाशी माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली. स्पर्धेवाल्यांनाही मी तसं लिहून कळवलंय."

सानिकाने मान वर केली नाही. बाईंना वाटत होतं, तिने एकदा तरी बघावं, हसावं, निदान रडावं. तेवढं मागायचा हक्कही आपल्याला नाही, हेही त्यांना कळत होतं.

थोड्या वेळाने ती उठली. टेबलावरच्या गठ्ठ्यातून आपला बिनहातांचा कागद काढला आणि न विचारता जागेवर घेऊन गेली. तासभर ती खाली मान घालून काढत होती. बाई बाकांमधून फिरत तिच्यापाशी आल्या. पाटीमागे बसलेल्या बाईचा हात काढून झाला होता, एक बोट वाकडं होतं. मनगट मात्र जरा जाड झालं होतं. सवयीने बाई वाकल्या, हात पुढे गेला.

सानिकाने कोपर आडवं घालून कागद झाकला.

बाईंनी हात मागे घेतला आणि त्या पुढच्या बाकाकडे गेल्या. ते त्यांना लागलं. लागायलाच हवं होतं.