एक पट्टी इकडे, एक पट्टी तिकडे

व्हिगो रास्कचं म्हणणं सगळ्या बेटाला पाठ होतं. छोट्या गलबताची पहिली लाकडी पट्टी उजव्या बाजूला बसवली की दुसरी डाव्या बाजूला. मग पुन्हा उजवी, पुन्हा डावी. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी चिकटवून मोकळं व्हायचं नाही. ओल्या पट्ट्या वाळताना ओढ घेतात, आणि समोरून ओढणारं कोणी नसलं की गलबताचा कणा वाकतो. हे तो गेली चाळीस वर्षं सांगत होता, समोरच्याने विचारलेलं नसलं तरी सांगत होता.

बाकीचा उपदेशही होताच. पट्टी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, उकळत्यात टाकाल तर तिचा पापड होईल. सरस कमी लावा, चिमटे जास्त लावा. आणि समुद्रात गेलेल्यांच्या आठवणीला चर्चमध्ये टांगायचं गलबत लोक खालून बघतात, तेव्हा तळ आधी नीट करा, डेकवरची नखरेल कामं नंतर. डेक फक्त देवाला दिसतं, आणि त्याने खरी जहाजं पुष्कळ पाहिलेली आहेत.

ऑगस्ट संपता संपता गुड्रुन लिंड आपलं गलबत चादरीत गुंडाळून त्याच्या शेडमध्ये घेऊन आली. दोन हातांएवढीही लांबी नसेल, पण ती ते तान्ह्या पोरासारखं धरून आली होती. व्हिगोने ते उलटं केलं, एक डोळा मिटला आणि नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागेपर्यंत कण्यावर नजर टाकली.

"केळं आहे," तो म्हणाला.

"थोडंसं वाकलंय खरं."

"थोडंसं? उजवी बाजू सगळी आधी संपवलीस ना?"

गुड्रुन एकसष्ट वर्षांची होती आणि आयुष्यभर तिने स्वेटर विणले होते. "एक बाही संपल्याशिवाय मी दुसरी घेत नाही," ती म्हणाली. "अर्धवट ठेवलं की मला झोप येत नाही."

"मग आता झोप निवांत. हे घाल चुलीत आणि नवं कर."

"जेमतेम चार आठवडे राहिलेत, व्हिगो."

ते त्यालाही ठाऊक होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सुगीची प्रार्थना, त्या दिवशी गलबत टांगायला चर्चच्या मंडळाने परवानगी दिली होती. त्यानंतरच्या बुधवारी गुड्रुन ऑलबॉर्गला मुलीकडे राहायला जाणार होती, कायमची. घर विकलं गेलं होतं, नव्या मालकिणीने पडद्यांची मापंसुद्धा घेऊन नेली होती.

"लाउरित्सला थडगं नाही," गुड्रुन म्हणाली. तिचा नवरा एकोणीस वर्षांपूर्वी आपल्या मच्छीमार होडीसकट गेला होता आणि दोन्हींतलं काही परत आलं नव्हतं. "मी आहे तोवर लोक मला बघून त्याचं नाव तरी काढतात. मी गेल्यावर या बेटावर त्याचं काय राहणार, सांग बरं?"

"वाकडं गलबत टांगलंस तर उजवीकडे कलेल. दर रविवारी अख्खं गाव बघेल आणि म्हणेल, लाउरित्स अजून बुडतोच आहे." हे बोलणं वाईट होतं, आणि बोलून झाल्यावर व्हिगोलाही ते वाईट वाटलं. पण तोंडातून गेलेलं परत येत नाही. गुड्रुनने चादर पुन्हा गुंडाळली आणि ती गेली.

आता खरी गोष्ट अशी, की वाकलेलं गलबत सरळ कसं टांगायचं हे त्या बेटावर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आपल्या शेडमध्ये पाइप विझवत बसला होता.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी व्हिगोचा धाकटा भाऊ आक्सेल एका शिडाच्या जहाजावर गेला आणि समुद्रातच बुडाला. आई तेव्हा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली होती. नाताळ काही बघत नाही ही, असं डॉक्टर म्हणाला होता. तिने डोळे मिटण्याआधी आक्सेलचं गलबत चर्चमध्ये टांगलेलं बघावं म्हणून सत्तावीस वर्षांचा व्हिगो रात्रंदिवस कामाला लागला, आणि घाईत त्याने एक बाजू आधी संपवली. गलबत वाकलं. नव्याने करायला वेळ नव्हता. त्याने कणा एकीकडून तासला, दुसरीकडे लाकडाचा भुगा आणि सरस भरला, तळाला गडद हिरवा रंग दिला. तरी टांगल्यावर ते कलायचंच. तेव्हा त्याने शेडच्या खिडकीतलं शिसं उचललं. पाण्याची खोली मोजायचं ते आक्सेलचं शिसं होतं, वर चाकूने कोरलेलं एक वेडंवाकडं A. त्या शेवटच्या सफरीला आक्सेल ते घरीच विसरला होता. व्हिगोने ते डाव्या अंगाला आत चिकटवलं आणि वरून डेक बंद केलं. गलबत सरळ झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जागाही त्याने स्वतः निवडली, तिसऱ्या खिडकीजवळ, जिथे उजेडामुळे खालून बघणाऱ्याचे डोळे दिपतात. लोक म्हणाले, काय सरळ बांधलंय पोराने! मग त्याच्याकडे शिकायला माणसं येऊ लागली, शेजारच्या बेटांवरूनसुद्धा, आणि तो त्यांना सांगू लागला: एक पट्टी इकडे, एक पट्टी तिकडे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आई मात्र नाताळ बघून वर आणखी अकरा वर्षं जगली. डॉक्टर तिच्या आधी गेला.

त्या अकरा वर्षांत तिने कितीदा तरी विचारलं होतं, "व्हिगो, आक्सेलचं शिसं कुठे रे गेलं? खिडकीतच तर होतं." आणि दर वेळी तो म्हणाला होता, "मला काय ठाऊक."

चार दिवस त्याने काढले. पाचव्या दिवशी सकाळी तो गुड्रुनच्या दारात उभा राहिला. आत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं होतं. गलबत टेबलावर होतं, चुलीत नव्हतं.

"स्वेनबोर्गला एक सुतार होता," तो उंबऱ्यावरूनच म्हणाला. "त्याचं एक गलबत असंच वाकलं होतं. त्याने कणा तासला आणि कललेल्या बाजूच्या समोर आत शिसं भरलं."

"अस्सं. नाव काय त्याचं?"

"मेला तो."

"मेला की त्याचं नावही मरतं?"

"तुला गलबत सरळ करायचंय की त्याची जन्मतारीख हवीय?"

गुड्रुनने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती परसात गेली आणि लाउरित्सच्या जुन्या जाळ्याची शिशाची वजनं बांगडीसारखी हातात अडकवून आली. "ही चालतील?"

व्हिगोने त्यातलं एक बोटांत धरून तोललं. "चालतील," तो म्हणाला. "एकदम चिकटवू नकोस. आधी दोऱ्याने बांध, गलबत टांग, लांबून बघ. मग एकेक वाढव. आणि डेक बंद करण्याआधी हलवून बघ. आत खुळखुळलं तर पाद्रीबाबा प्रवचन थांबवतील."

तीन आठवडे तो रोज गेला, रोज ओरडला, रोज तिच्या हातची बटाट्याची कोशिंबीर खाऊन आला. सोळा वजनं लागली. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या. मागच्या फळीवर तिने पांढऱ्या अक्षरांत नाव लिहिलं, कारण नाळ वेदीकडे असते आणि बाकांवरच्या माणसांना गलबताची पाठच दिसते. लाउरित्सच्या होडीचं नाव होतं 'स्वाने'.

सुगीच्या रविवारी चर्चमध्ये भोपळे, सफरचंदं आणि ओटच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. प्रार्थनेआधी निम्मं गाव माना वर करून उभं होतं. चर्चचा सेवक एवाल्ड शिडीवर चढला. सगळी गलबतं खाली घेऊन पिसाने झाडणं हेही सव्वीस वर्षं त्याचंच काम. गुड्रुनने 'स्वाने' वर दिलं आणि एवाल्ड एक पायरी खाली घसरला.

"अगं बाई, नांगर घातलायस की काय आत!" तो ओरडला. मग गलबत तोलून बघत तो आपल्याशीच बोलल्यासारखं, पण चर्चमध्ये घुमेल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "दोनच जड आहेत इथे. हे, आणि व्हिगो, तुझं ते पलीकडचं."

लोक हसले. एवाल्डने गलबत आकड्याला अडकवलं आणि हात काढला. 'स्वाने' एकदा डोललं, वेदीकडे वळलं आणि सरळ राहिलं, एक केसभरही न कलता. बायकांनी सुस्कारा सोडला. गुड्रुन मात्र गलबताकडे बघत नव्हती. ती व्हिगोकडे बघत होती.

"तो स्वेनबोर्गचा सुतार," ती हळूच म्हणाली.

त्याला अजूनही मूग गिळून बसता आलं असतं. वर शिडीवर एवाल्ड होता, समोर त्याचे दोन जुने शिष्य होते, आणि तिसऱ्या खिडकीजवळ त्याची शेहेचाळीस वर्षांची अब्रू टांगलेली होती.

"मीच तो," व्हिगो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "उजवी बाजू आधी संपवली होती मी. आत शिसं आहे. आक्सेलचं."

कोणी हसलं नाही. एका शिष्याने मान वर करून तिसऱ्या खिडकीकडे पाहिलं.

"मला वाटलंच होतं," शिडीवरून एवाल्ड म्हणाला. "सव्वीस वर्षं वाटत होतं. म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

"तुझ्या आईला ठाऊक होतं?" गुड्रुनने विचारलं.

व्हिगोने नकारार्थी मान हलवली. "ती शोधत राहिली. दर रविवारी इथे येऊन त्याच्याच खाली बसायची, त्या बाकावर. आणि घरी गेली की पुन्हा शेड धुंडाळायची."

ऑर्गन सुरू झाला, लोक आपापल्या जागी गेले. व्हिगो इतकी वर्षं सगळ्यात मागे, दाराजवळ बसत आला होता. आज तो तिसऱ्या खिडकीपर्यंत चालत गेला आणि आईच्या जागी बसला.