इनाबाईचा जोगवा

इनेस पोर्तुगालची. पाठीवर तिच्याएवढीच बॅग टाकून देशोदेशी एकटी हिंडणारी पोरगी. नळदुर्गचा किल्ला बघायचा म्हणून ती तुरोरीच्या थांब्यावर उभी राहिली खरी, पण दिवस नवरात्राचे. एसटीत पाय ठेवायला जागा असेल तर शपथ! शेवटी तुळजापूरला निघालेल्या गावातल्या बायकांनीच तिला आपल्या जीपमध्ये कोंबलं. त्यांच्या म्होरक्या द्वारकाबाई. त्यांनी वाटेत तिला भाकरी-ठेचा खाऊ घातला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि नळदुर्ग यायच्या आत तिची इनाबाई करून टाकली. किल्ला राहिला बाजूला, इनाबाई थेट तुळजापुरात.

पुजाऱ्याच्या घरी बॅग उतरवते न उतरवते तोच मावशीचा फोन आला. आईच्या हृदयाचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं, परवा सकाळी. आई लई घाबरली होती आणि तिला लेकच जवळ हवी होती. इनेसनं हैदराबादहून पहाटेच्या विमानाचं तिकीट काढलं. बायकांची जीप दुपारी परत फिरणारच होती. उमरग्यात हिला हैदराबादच्या गाडीत बसवून द्यायचं ठरलं. फोन मान टाकायला लागला होता, तो तिनं चार्जिंगला लावला. तेवढ्यात आईसाठी काहीतरी घेऊन यावं म्हणून ती जरा बाहेर पडली. तिथंच चुकलं.

दुकानदारानं कवड्यांची माळ दाखवली. तिला ती इतकी आवडली की घेतलीच, शेजारची वेताची इवलीशी परडीपण घेतली. ठेवायला पिशवी नव्हती. दुकानदारानंच माळ तिच्या गळ्यात घातली, कपाळाला हळदीकुंकू लावलं. ती वळली, तर मागून गर्दीचा असा लोंढा आला की पोरगी उचलल्यासारखी कुठल्या कुठं गेली. बाहेर पडली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि एकही गल्ली ओळखीची दिसेना. निळा दरवाजा, पुढं ओटा, एवढंच तिच्या ध्यानात होतं. आता तुळजापुरात निळा दरवाजा नि ओटा तर घरोघरी, त्यातला एक शोधायचा म्हणजे काय, झालंच की!

मग ती दारोदार विचारायला लागली. पहिल्या दारी तिनं तोंड उघडायच्या आत घरातली बाई लगबगीनं मूठभर पीठ घेऊन आली, परडीत टाकलं, हिच्या पाया पडली आणि आत गेली. इनेस बघतच राहिली. दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारी कर्नाटकातून आलेल्या गंगम्मा नावाच्या एक बाई उतरल्या होत्या; त्यांनी पिठावर मीठ घातलं, लेकराचं डोकं हिच्या पायावर टेकवलं आणि कानडीत काहीतरी मागणं मागितलं. इनेस परत परत दरवाजा, बॅग, जीप म्हणत होती, पण ऐकतंय कोण? गळ्यात कवड्या, हातात परडी, नवरात्रात दारात उभी बाई. तिला काय हवंय हे गावाला विचारावं लागत न्हाय. जोगवा मागायला आलीय, गोरी असली म्हणून काय झालं?

इकडं हिचं सगळं त्या घरात राहिलं होतं. पासपोर्ट बॅगेत, उरलेले पैसे बॅगेत, फोन भिंतीला. जीप निघून गेली असेल. विमान चुकलं तर आई लेकीला न बघताच ऑपरेशनला जाणार. परडी भरत चालली होती आणि तिचा जीव रिकामा होत चालला होता.

पुढचं दार चंद्रप्रभाबाईंचं. त्यांनीही पीठ टाकलं, हात जोडले. पण जोगवा घेतलेली बाई पुढच्या दाराला जाते, ही जागची हलेना. वर बघतात तर पोरगी रडायलीय. चंद्रप्रभाबाईंनी सुनेला हाक मारली. निवेदिता शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं इनेसला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. घर कसं दिसतं, रस्त्याचं नाव काय, असं ती विचारत बसली आणि निळ्या दरवाजापुढं गाडी जाईना.

"दरवाजाचं काय घेऊन बसलीस? कुणाबरोबर आली ते विचार," सासूबाई म्हणाल्या.

निवेदितानं विचारलं. इनेसनं तुरोरी म्हणताच चंद्रप्रभाबाई चपला घालायलाच लागल्या. इथं भाविक घर बघून उतरत न्हाईत. ज्या गावाचा जो पुजारी, त्याच्याच घरी ते गाव पिढ्यान्‌पिढ्या उतरतं. तुरोरीचे म्हणजे अमरसिंहांकडं, मागच्याच आळीत.

तिघी गर्दी कापत निघाल्या. इनेस जवळजवळ पळतच होती. कोपरा वळला आणि समोर जीप उभी. तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला. बाकीच्या बायका दर्शन उरकून जीपमध्ये बसल्या होत्या आणि ओट्यावर, इनेसच्या बॅगेवर, द्वारकाबाई ठाण मांडून होत्या. सकाळपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. पोरगी आली अन् आपण जाग्यावर नसलो तर ती कुणाला विचारणार, म्हणून त्यांनी दर्शनच सोडलं होतं. हिला बघताच त्यांनी आधी पाठीत एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं. इनेस त्यांच्या खांद्यावर पोटभर रडली.

निवेदितानं सगळं समजावून सांगितलं तेव्हा इनेसला अपराध्यासारखं झालं. आपल्यामुळं यांचं दर्शन हुकलं, आत्ता जाऊन या, मी थांबते, असं तिनं निवेदिताला सांगायला लावलं.

द्वारकाबाईंनी चार्जिंगचा फोन काढून तिच्या हातात दिला, बॅग उचलून जीपमध्ये टाकली. "म्या पुढच्या साली येईन. देवी हितंच हाय. हिची आई तिकडं वाट बघायलीय, चला."

जीप नळदुर्गच्या रस्त्याला लागली आणि इनेसनं आईला फोन लावला. आईचा आवाज ऐकला अन् ही पुन्हा रडायला लागली. द्वारकाबाईंनी फोन सरळ तिच्या हातातून घेतला. "बाई, पोरगी निघाली बघा. जेवल्याबिगर म्या तिला गाडीत बसवणार न्हाय. तुम्ही भिऊ नका," त्यांनी ठणठणीत मराठीत सांगितलं. पलीकडून पोर्तुगीजमध्ये बराच वेळ काहीतरी आलं. द्वारकाबाईंनी ते सगळं मन लावून ऐकलं, मधे मधे व्हय व्हय म्हणाल्या आणि फोन परत दिला.

इनेसनं घाबरत कानाला लावला. आई विचारत होती, ही बाई कोण गं, हिच्याशी बोलून बरं वाटलं.