तेवीस मशीनचा रिकामा वेळ

त्या कागदावर सही करायला साहेबांना अर्धं मिनिट पुरलं असतं, पण दुपारचे तीन वाजले तरी पेनाचं टोपण उघडलं नव्हतं. साहेब थकले होते. बावीस वर्षं पायरी पायरीने चढून ते कंपनीच्या तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख झाले, आणि वर पोचल्यावर कळलं की इथे फक्त दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं असतं आणि खाली सही ठोकायची असते.

कागद मास्तरांच्या बडतर्फीचा होता. मास्तर म्हणजे तळमजल्यावरच्या चाचणी-खोलीचे प्रमुख. नव्यांना हाताला धरून शिकवत, म्हणून हे नाव पडलेलं. निवृत्तीला उरले होते चौदा महिने. गुन्हा काय, तर खोलीतल्या तेवीस मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, परवानगी नसलेला प्रोग्राम सापडला. चौकशीत मास्तर सरळ म्हणाले, "सुरुवातीपासून मीच टाकलाय."

हे धादांत खोटं होतं. सुरुवात केली होती साहेबांनी, त्याच खोलीत शिकाऊ असताना. औषधं शोधणाऱ्या संशोधकांचं एक अवाढव्य गणित होतं. त्याचे बारके तुकडे जगभर वाटले जात आणि कुणाकुणाची रिकामी बसलेली मशीन ते सोडवत. थेंबे थेंबे तळे साचे. एकच तुकडा दोन अनोळखी मशीनना द्यायचा आणि उत्तरं जुळली तरच धरायची, ही रीत साहेबांना इतकी आवडली की ते डबा खातानाही त्याबद्दलच बोलत. मग बढत्या आल्या, खोली सुटली आणि ते वेड मास्तरांच्या गळ्यात पडलं. नवं मशीन आलं की मास्तर इमानेइतबारे त्यावर प्रोग्राम चढवत. साहेब भाषणांत "माझा छंद" म्हणून सांगत.

शेवटी साहेब उठले आणि कागद घेऊन कर्मचारी विभागाच्या बाईंकडे गेले.

"प्रोग्राम मी आणला. मास्तर मला वाचवतायत. चोर सोडून संन्याशाला सुळी देताय तुम्ही."

बाई हसल्या. "सर, तेव्हा नियम कुठे होता? तो सहा वर्षांपूर्वी आला. त्यानंतरही चढवत राहिले ते मास्तर. आणि नियमाखाली सही तुमचीच आहे."

"मग माझ्यावरही कारवाई करा."

"कशाबद्दल? उलट किती छान गोष्ट आहे! एवढा मोठा माणूस, आणि लोकांसाठी असं काही करतो. आपल्या मासिकात छापू. एक फोटो पाठवाल?"

कागद फाडता आला असता. राजीनामा टेबलावर आपटता आला असता. पण त्यामागून खुलासे येणार, बैठका येणार, परत खुलासे येणार; नुसत्या विचारानेच साहेबांचे खांदे पडले. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सही केली. स्वतःची लाज वाटली, पण सही झाली ती झालीच.

ते खाली आले तेव्हा मास्तर प्रोग्राम काढत बसले होते.

"साहेब, दोन मशीनवर तुकडे चालू आहेत. पाचपर्यंत होतील. अर्धवट तोडले तर कुणाला तरी पहिल्यापासून करावं लागेल. चालू देऊ?"

"द्या." साहेबांनी स्टूल ओढलं. "मास्तर, खोटं कशाला बोललात?"

"माझे चौदा महिने राहिलेत, तुमची बारा-तेरा वर्षं. गणित सोपं होतं."

"मी वर खरं सांगून आलो."

मास्तरांचा हात थांबला. "अहो, हात दाखवून अवलक्षण! मग? माझा कागद?"

"सही केली."

"ते ठीक आहे, ते होणारच होतं. पण तुमचं काय? तुम्हालाही काढतायत की काय?"

साहेबांना मान वर करवेना.

"मासिकासाठी फोटो मागितलाय."

मास्तर पुन्हा पडद्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "या खोलीतला नका देऊ, साहेब. इथे उजेड चांगला नाही."